एका रोगाच्या नावाचा इतिहास



व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही ती पुरी करणार नाही. आज आम्ही एका रोगाचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जे काही झाले ते मागांच्या खडखडाटात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्यकातला अधिकार आमच्यापाशी नाही. परंतु या रोगाच्या एका बाईंचे आम्ही देणे लागतो, आणि ते निदान चारचौघांत बोलून दाखवावे, एवढ्यासाठी हा विषय आम्ही मागून घेतला आहे.

गोष्ट २००३ सालची. आमच्या गावच्या एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरण्याच्या कामावर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्या हातांवर, मानेवर, कपाळावर मऊ गाठी होत्या. काही हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या. बाई अबोल, कामाला चोख. एके दिवशी पाण्याच्या माठावरून कुरबूर सुरू झाली. ‘महारोग’ हा शब्द प्रथम कोणी उच्चारला हे शेवटपर्यंत कळले नाही. आठवड्याभरात एकोणीस जणांच्या सह्या आणि अंगठे असलेला अर्ज तयार झाला की, या बाईंना कामावरून दूर करावे. तो अर्ज घेऊन मालकाकडे कोण गेले? आम्ही गेलो. सभासदांची मागणी ती आमची मागणी, एवढाच विचार आम्ही केला. त्या मालकाने आमच्या कोणत्याही अर्जाची इतकी तत्पर दखल पूर्वी घेतली नव्हती आणि नंतरही घेतली नाही. बाईंचा हिशेब त्याच संध्याकाळी झाला.

पुढे दोन महिन्यांनी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांपाशी सहज विषय निघाला. त्यांनी विचारले, “गाठी मऊ होत्या का? अंगावर दुधाच्या चहासारखे डाग होते का? लहानपणापासून होते का?” आम्हाला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना, कारण आम्ही विचारलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, “बाईंना घेऊन या.” आम्ही त्यांच्या गावी गेलो, हात जोडले, त्यांना दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “हा महारोग नव्हे. मज्जातंतूंच्या वेष्टणाच्या या गाठी आहेत. जन्माबरोबर येणारा दोष आहे. एका माठातले पाणी प्यायल्याने हा कोणाला होत नाही. आणि समजा महारोग असता, तरी त्यावर औषध आहे. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागेनासा होतो. तेव्हाही तुमचा अर्ज चुकीचाच ठरला असता.”

बाहेर आल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, “भाऊ, तुमी मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझ्या बापाच्या अंगावर बी ह्याच गाठी हुत्या. तीस वरसं त्यानं माग चालवला. आमी सगळी एका ताटात जेवलो. आईला न्हाई झालं, भावाला न्हाई झालं. मला तेवढं झालं.” आम्ही माफी मागितली. दुसरीकडे काम लावून देतो म्हणालो. त्या आल्या नाहीत.

तेव्हापासून या रोगाविषयी मिळेल ते आम्ही वाचत आलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. ‘तुम्ही विचारले असते तर सांगितले असते’ हे वाक्य आमच्यापुरतेच नव्हते. या रोगाचा दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास त्याच वाक्याभोवती फिरतो.

प्रथम रोग म्हणजे काय ते पाहू. मेंदूपासून आणि पाठीच्या कण्यातल्या रज्जूपासून निघून बोटांच्या टोकांपर्यंत जाणारे जे मज्जातंतू, ते उघडे नसतात. विजेच्या तारेवर जसे रबर, तसे त्यांच्यावर पेशींचे वेष्टण असते. या पेशी थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ साली वर्णन केल्या, म्हणून त्यांना श्वान पेशी म्हणतात. आपल्याकडे श्वान म्हणजे कुत्रा. त्यामुळे हा शब्द प्रथम वाचला तेव्हा आमची बरीच फसगत झाली होती. या वेष्टणाच्या पेशी मर्यादा सोडून वाढू लागल्या की गाठ होते. अशी एखादी गाठ कोणालाही होऊ शकते. परंतु काही माणसांत जन्मतःच असा दोष असतो की, आयुष्यभर ठिकठिकाणी गाठी होत राहतात. कोणाला दहा-वीस, कोणाला शेकडो, कोणाला हजारांवर. या दोषाचा जो सर्वांत अधिक आढळणारा प्रकार, त्याला न्यूरोफायब्रोमॅटोसिस असे लांबलचक नाव आहे. सुमारे तीन हजार जन्मांमागे एक, इतके त्याचे प्रमाण आहे. हे प्रमाण जगात सर्वत्र जवळपास सारखे आहे. जात, धर्म, देश, श्रीमंती यांचा त्याच्याशी संबंध नाही.

अशी माणसे पूर्वीही असणारच. पण ती वैद्यकाच्या वहीत आली अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७९३ साली जर्मनीत लाइपझिग येथे तिलेसिउस नावाच्या पंडिताने सर्वांगावर गाठी असलेल्या एका माणसाचे वर्णन आणि चित्र प्रसिद्ध केले. त्याच्या दृष्टीने ते एक नवल होते. कारणाचा शोध तेथे फारसा नाही. १८२२ साली एडिंबरोमध्ये विशार्ट नावाच्या शस्त्रवैद्याने एका एकवीस वर्षांच्या तरुणाची हकीगत लिहिली. त्याला ऐकू येईनासे झाले होते, आणि मृत्यूनंतर त्याच्या डोक्यात कानाकडे जाणाऱ्या दोन्ही मज्जातंतूंवर गाठी सापडल्या. मग १८४९ साली डब्लिनच्या रॉबर्ट स्मिथने मज्जातंतूंच्या गाठींवर मोठा चित्रमय ग्रंथ लिहिला. साल ध्यानात घ्या. आयर्लंडात बटाट्याच्या दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, लाखो देश सोडून जात होती. आणि त्याच शहराच्या रुग्णालयात हा गृहस्थ गरिबांच्या देहांतील एकेक मज्जातंतू सोडवून पाहत होता. त्याने काम उत्तम केले, पण अंगावरच्या गाठी आणि आतल्या मज्जातंतूंच्या गाठी यांचे नाते त्यालाही पुरतेपणी उलगडले नाही. त्वचेचा रोग निराळा आणि मज्जातंतूचा रोग निराळा, असेच पुढे तीस-बत्तीस वर्षे चालले.

ही गाठ सोडवली फ्रीडरिश फोन रेक्लिंगहाउझेन याने. हा १८३३ साली जन्मलेला वेस्टफालियाचा माणूस. बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्शो याच्या हाताखाली तयार झाला. फिर्शोचे नाव आम्हा कामगार कार्यकर्त्यांना विशेष प्रिय असायला हवे. १८४८ साली अप्पर सायलेशियात टायफसची साथ आली तेव्हा सरकारने त्याला चौकशीस पाठवले. त्याने परत येऊन औषधांची यादी दिली नाही. लोकांना शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न द्या, म्हणजे साथ येणार नाही, असा अहवाल दिला. प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते हा सिद्धान्त रोगविज्ञानात रुजवणारा तोच. त्याच्या संस्थेला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने १८८२ साली शिष्याने गुरूला एक छोटा ग्रंथ अर्पण केला. रेक्लिंगहाउझेन तेव्हा स्ट्रासबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक होता.

त्या ग्रंथाचा पाया काय? दोन माणसे. एक पंचावन्न वर्षांची स्त्री आणि एक सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष. या दोघांच्या त्वचेवरच्या गाठी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि त्यांत मज्जातंतूंचे बारीक धागे आणि त्यांच्या वेष्टणाचे तंतू एकत्र गुंतलेले त्याला दिसले. म्हणजे वरून त्वचेची दिसणारी गाठ वस्तुतः त्वचेतल्या बारीक मज्जातंतूच्या वेष्टणातून उगवलेली होती. बाहेरचा आणि आतला रोग एकच ठरला. मज्जातंतू आणि तंतुमय ऊती या दोहोंचा मिळून त्याने ‘न्यूरोफायब्रोमा’ असा शब्द केला, आणि पुढे जगाने त्या रोगाला ‘रेक्लिंगहाउझेनचा रोग’ म्हटले.

त्यात वावगे काही नाही. शोध त्याचाच होता. परंतु आमच्या मनात सारखे येते की, ज्या दोन देहांवर हे ज्ञान उभे राहिले त्यांचे काय? कापड विणणाऱ्याचे नाव कापडावर नसते, छाप पेढीचा असतो; तसेच हे झाले. त्या दोघांचे आयुष्य कसे गेले, शेजाऱ्यांनी त्यांना माठाला हात लावू दिला की नाही, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

आणि आता याच कथेतला सर्वांत करुण भाग सांगतो. तो एका चुकीच्या नावाचा आहे.

इंग्लंडात लेस्टर या गिरण्यांच्या गावी १८६२ साली जोसेफ मेरिक नावाचा मुलगा जन्मला. लहानपणीच त्याचे डोके, उजवा हात आणि पाय वेडेवाकडे वाढू लागले. आई दहा वर्षांच्या पोराला मागे ठेवून गेली. बारा-तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो विड्यांच्या नव्हे, पण त्यांच्याच भावंडांच्या म्हणजे सिगारांच्या कारखान्यात वळणीच्या कामाला लागला. दोनेक वर्षांत उजवा हात इतका जड झाला की वळणे जमेना, काम गेले. मग बापाने त्याला दारोदार सुई-दोरा विकायला पाठवले. लोक भिऊन दारे लावून घेत, रस्त्यात गर्दी जमे. शेवटी त्याचा फेरीचा परवानाही गेला. १८७९ च्या डिसेंबरात, सतराव्या वर्षी, तो गरिबांच्या कामघरात दाखल झाला. कामघर म्हणजे दारिद्र्य हाच गुन्हा समजून चालवलेला तुरुंग. तेथे चारेक वर्षे काढल्यावर त्यानेच ठरवले की, लोक नाहीतरी पाहतातच, तर मग पैसे घेऊन पाहू द्यावे. १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल रस्त्यावर एका दुकानात ‘हत्ती-माणूस’ म्हणून त्याचे प्रदर्शन सुरू झाले. समोरच लंडन हॉस्पिटल. तेथला शस्त्रवैद्य फ्रेडरिक ट्रीव्हज त्याला पाहून गेला आणि त्याने त्याला वैद्यांच्या सभेपुढे उभे केले. पुढे युरोपात खेळ करणाऱ्याने त्याचे साठवलेले पैसे लुबाडले. १८८६ साली तो लंडनला परतला तेव्हा त्याच्यापाशी ट्रीव्हजचे कार्ड तेवढे होते. रुग्णालयाच्या अध्यक्षांनी वर्तमानपत्रातून आवाहन केले, लोकवर्गणी जमली, आणि मेरिकला तेथेच दोन खोल्या मिळाल्या. ११ एप्रिल १८९० रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, तो तेथेच वारला. त्याचा सांगाडा त्या संस्थेत जपून ठेवण्यात आला.

आईला गरोदरपणी जत्रेतल्या हत्तीने धक्का दिला म्हणून हे झाले, असे मेरिक स्वतः मानत असे. हसू नका. ग्रहणात सुरी हाती धरली म्हणून मुलाचा ओठ फाटला, असे आपल्याकडे अजूनही बायकांना सुनावले जाते. लेस्टर असो की आपले गाव, दोष शेवटी आईच्या पदरात पडतो.

१९०९ साली पार्क्स वेबर या डॉक्टराने असे मत मांडले की, मेरिकचा रोग म्हणजे रेक्लिंगहाउझेनचाच रोग. मत विद्वानाचे होते. ते पुढे पाऊणशे वर्षे पुस्तकांतून चालत राहिले. ट्रीव्हजने १९२३ साली आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत तर त्याने जोसेफला सरसकट ‘जॉन’ करून टाकले. ज्याला वर्षानुवर्षे रोज भेटले त्याचे साधे नावही धड उतरले नाही! १९८० साली त्याच्या जीवनावरचा चित्रपट जगभर गाजला आणि या रोगाच्या हजारो माणसांना ‘हत्ती-माणसाचा रोग’ हे नाव चिकटले. ज्या आईबापांच्या मुलाच्या अंगावर चार डाग आहेत, त्यांना पडद्यावरचा तो चेहरा भविष्य म्हणून दिसू लागला. आणि १९८६ साली तिबल्स व कोहेन या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की, मेरिकची लक्षणे या रोगाशी जुळतच नाहीत. त्याच्या अंगावर ते विशिष्ट डाग असल्याचा उल्लेख कोठेही नाही, आणि त्याच्या हाडांची वाढ प्रोटिअस नावाच्या अगदी निराळ्या, फार विरळ दोषाशी जुळते. आज बहुतेक जाणकार हेच मानतात. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षे एका माणसाच्या गळ्यात दुसऱ्यांचा रोग आणि दुसऱ्यांच्या गळ्यात त्याचा चेहरा बांधला गेला होता. आमच्या एकोणीस सह्यांच्या अर्जात आणि यात आम्हाला तरी जातीचा फरक दिसत नाही. असलाच तर मापाचा.

आता आनुवंशिकतेकडे वळू. १९१८ साली अमेरिकेत प्रायझर आणि डेव्हनपोर्ट यांनी अनेक कुटुंबांच्या हकीगती एकत्र करून दाखवले की, हा दोष मेंडेलच्या नियमाप्रमाणे उतरतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा. मुलगा असो वा मुलगी. आमच्या बाईंना झाले, भावाला झाले नाही, त्याचा उलगडा हा असा.

शास्त्र खरे होते. पण हाच चार्ल्स डेव्हनपोर्ट अमेरिकेतील सुप्रजननवादाचा अग्रणी होता. चांगल्या वंशाची माणसे वाढवावी आणि ‘सदोष’ माणसांची पैदास थांबवावी, हे त्याचे तत्त्वज्ञान. त्याच्या छत्राखाली १९१० साली एक नोंदणी कार्यालय निघाले. तेथल्या एका अधिकाऱ्याने सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याचा नमुना तयार केला. अमेरिकेतील अनेक राज्यांनी असे कायदे करून साठ हजारांवर माणसांची नसबंदी केली. १९३३ साली हिटलरच्या सरकारने त्याच धर्तीचा कायदा आणला आणि सुमारे चार लाख माणसांवर तो चालवला. कामघरांत, वेड्यांच्या इस्पितळांत, गरीब वस्त्यांत जी माणसे हाती सापडली, तीच त्यात भरडली गेली. ज्यांच्या घराण्याच्या नोंदी घेतल्या, त्यांना ‘तुमचे म्हणणे काय’ असे कोणी विचारले नाही.

या तत्त्वज्ञानाला शास्त्रानेच पुढे उत्तर दिले. १९५६ साली क्रो, शुल आणि नील या तिघांनी या रोगाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. यांपैकी शुल आणि नील यांनी हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या मुलांचाही अभ्यास केला होता. त्यांना आढळले की, सुमारे निम्म्या रोग्यांच्या घराण्यात हा दोष पूर्वी कोणालाच नसतो. बीजात तो नव्यानेच उपजतो. अशा नव्या बदलाचे या रोगातले प्रमाण मनुष्यजातीत फार मोठ्यांपैकी आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. उद्या कोणी साऱ्या रोग्यांना निःसंतान केले, तरी हा दोष निरोगी आईबापांच्या पोटी पुन्हा जन्म घेणारच. तो हत्तीच्या धक्क्याने येत नाही, ग्रहणाने येत नाही, पूर्वजन्मीच्या पापाने येत नाही. बीजाची नक्कल उतरताना होणारी ती चूक आहे. ती तुमच्याही घरात होऊ शकते, आमच्याही.

याच तिघांनी ओळखण्याची एक सोपी खूण दिली. ती ऐकून ठेवा. दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे, दीड सेंटिमीटरहून मोठे, सहा किंवा अधिक डाग मोठ्या माणसाच्या अंगावर असतील, तर हा दोष असण्याचा संभव मोठा. लहान मुलांत अर्धा सेंटिमीटरचे डागही धरतात. अशा डागांची मोजणी करायला यंत्र लागत नाही. आईच्या डोळ्यांना ती न्हाऊ घालताना होते.

इथपर्यंत रोगी हा पाहण्याचा विषय होता. तो बोलू लागला १९७८ साली. त्या वर्षी न्यू यॉर्कमध्ये रोगी, त्यांचे नातेवाईक आणि काही डॉक्टर यांनी मिळून या रोगासाठी राष्ट्रीय संस्था काढली. कामगार संघटनेचा माणूस म्हणून या घटनेचे महत्त्व आम्हाला फार वाटते. तीन हजारांत एक माणूस म्हणजे गावात विखुरलेली दहा-वीस घरे. प्रत्येकाला वाटते की जगात आपण एकटेच. ती एकत्र आली आणि हिशेब बदलला. संशोधकांना वंशावळी हव्या होत्या, रक्ताचे नमुने हवे होते. ते आता घराघरांतून राजीखुशीने मिळू लागले. १९८७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून रोगाची लक्षणे ठरवली आणि दोन रोग कायमचे वेगळे केले. ज्यात कानाच्या दोन्ही मज्जातंतूंवर गाठी येतात तो दुसरा प्रकार. १८२२ सालचा एडिंबरोचा तो तरुण त्याच जातीचा. १९३० साली गार्डनर व फ्रेझिअर यांनी एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांत अडतीस माणसे अशी बहिरी झालेली नोंदली होती. तरी शंभर वर्षे ही माणसेही रेक्लिंगहाउझेनच्याच खात्यावर टाकली जात होती. २०२२ साली या दुसऱ्या प्रकाराचे नावही बदलले आणि त्याला श्वान पेशींच्या गाठींचा रोग म्हणून स्वतंत्र जागा मिळाली.

१९९० साली अमेरिकेतील मिशिगन आणि युटा येथल्या दोन गटांनी पहिल्या प्रकाराचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर शोधून काढले. १९९३ साली दुसऱ्याचे बाविसाव्यावर सापडले. पहिल्या जनुकाचे काम काय, ते आमच्या मागवाल्यांना चटकन समजेल. धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे. ती थांबवण्याची योजना बिघडली तर माग चालतच राहतो आणि कापडाची नासाडी होते. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारी एक साखळी असते, आणि हुकूम पुरा झाला की ती थांबवणारे एक प्रथिन असते. ते प्रथिन तयार करणे हे या जनुकाचे काम. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात. या माणसांत एक जन्मतः बिघडलेली. ज्या श्वान पेशीत दुसरीही बिघडते, तेथे थांबवणारे कोणी उरत नाही आणि गाठ सुरू होते.

यंत्रातला बिघाड कळला की दुरुस्तीचा विचार करता येतो. त्या साखळीतली पुढची एक कडी दाबून धरणारे सेल्युमेटिनिब हे औषध एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरणाऱ्या आणि कापून काढता न येणाऱ्या गाठी असलेल्या मुलांसाठी ते तेव्हा मान्य झाले. ज्या पन्नास मुलांवर त्याची मुख्य चाचणी झाली, त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश मुलांच्या गाठी निदान पाचव्या हिश्शाने आटल्या. २०२५ मध्ये मिर्डामेटिनिब हे दुसरे औषध मोठ्या माणसांसाठीही मान्य झाले. हे रोग मुळापासून बरे करणे नव्हे. औषध चालू ठेवावे लागते, त्याचे त्रासही आहेत, आणि त्याची किंमत मजुराने ऐकूही नये अशी आहे. तरी १७९३ पासून २०२० पर्यंत जे झाले नव्हते ते झाले. १९७८ नंतरच्या बेचाळीस वर्षांत चाक इतके वेगाने का फिरले? नवी यंत्रे आली हे खरेच. पण रोगी संघटित झाले, त्यांनी सरकारकडे पैसा मागितला, १९९६ पासून अमेरिकी सरकारने या रोगाच्या संशोधनासाठी वेगळी तरतूद केली, हेही तितकेच खरे.

आता थोडे व्यवहाराचे. या गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात; त्या कर्करोग नव्हेत आणि संसर्गाने लागत नाहीत. परंतु या माणसांपैकी शंभरांत आठ ते तेरा जणांना आयुष्यात केव्हा तरी मज्जातंतूच्या वेष्टणाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. म्हणून जी गाठ झपाट्याने वाढू लागली, कठीण झाली, किंवा जी रात्री झोपू देत नाही इतकी दुखते, तिच्यासाठी विलंब न करता मोठ्या रुग्णालयात जावे. मुलांची नजर, रक्तदाब, पाठीचा कणा आणि अभ्यासातली प्रगती यांवर डोळा ठेवावा. यातील बरीच मुले हुशार असूनही अक्षरांशी झगडतात, त्यांना ‘मठ्ठ’ म्हणू नये. एवढे ध्यानात राहिले तरी आजची संध्याकाळ वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.

शेवटी पुन्हा त्या बाईंकडे येतो. आमच्या युनियनने त्यानंतर एक नियम केला. तो छापील घटनेत नाही, पण पाळला जातो. कोणा माणसाविरुद्ध अर्ज आला तर त्यावर दुसरी कोणतीही कारवाई होण्यापूर्वी त्या माणसाला बोलावून, खुर्ची देऊन, त्याचे म्हणणे ऐकायचे. वीस वर्षांत या नियमामुळे तीन-चार माणसांची रोजी वाचली असेल. कोणाला दम्याच्या खोकल्यावरून क्षयी ठरवले होते, कोणाच्या अंगावर कोड होते. यात आमची थोरवी काही नाही. नियम बाईंचा आहे.

रेक्लिंगहाउझेनच्या नावाने रोग ओळखला गेला, ट्रीव्हजच्या पुस्तकात जोसेफचा जॉन झाला. आमच्या बाईंचे नाव आम्हाला ठाऊक आहे. परंतु ते या व्यासपीठावरून घ्यावे की नाही हे आम्ही त्यांना विचारलेले नाही, म्हणून घेत नाही. त्या २०१४ साली वारल्या. त्यांच्या भावाने कळवले, आम्ही गेलो. दाराशी पाण्याचा माठ होता. आम्ही पाणी मागून घेतले, प्यायलो आणि बसलो.